वायरलेस कॅमेरा पुन्हा पुन्हा ऑफलाइन जातो: रीसेटचं बटण दाबण्याआधी

घरातला वाय-फाय कॅमेरा ऑफलाइन गेला की बहुतेक जण रीसेटचं बटण दाबून सगळं नव्याने जोडतात. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. रीसेटने बिघाड जात नाही. कॅमेरा नव्याने सुरू होतो इतकंच, आणि ते प्लग काढून लावल्यानेही झालं असतं. उलट सेटिंग्ज पुसल्या जातात आणि बिघाडाचा मागही पुसला जातो. म्हणून इथे रीसेट अगदी शेवटी आहे.

त्याआधी एक गोष्ट लिहून ठेवायला लागा: कॅमेरा नेमका कधी जातो. अॅपमध्ये ऑफलाइन झाल्याची वेळ दिसते. तशा चार-पाच वेळा मिळाल्या की निम्मं निदान झालेलं असतं.

लक्षणं आणि त्यावरून पहिला संशय

- दिवसभर ठीक, अंधार पडला की बंद किंवा दर थोड्या वेळाने पुन्हा सुरू: अडॅप्टर किंवा केबल.
- रोज ठरावीक वेळी जातो आणि आपोआप परत येतो: राउटरचं वेळापत्रक, किंवा त्या वेळी आसपासच्या वाय-फायची गर्दी.
- वीज जाऊन आली, बाकी सगळं सुरू, कॅमेरा मात्र नाही: राउटर उशिरा उठतो.
- घरात असताना दिसतो, बाहेरून दिसत नाही: कॅमेरा ठीक आहे, इंटरनेटकडे बघा.
- लाइव्ह दिसतं, पण सूचना येत नाहीत: फोन.
- लाइव्ह दिसतं, रेकॉर्डिंग मधूनमधून गायब: मेमरी कार्ड.
- चित्र अडकतं, चौकोनी तुकडे पडतात: सिग्नल किंवा अपलोड.

एकापेक्षा जास्त कॅमेरे असतील तर आणखी एक प्रश्न विचारा: सगळे एकदम जातात की एकच? सगळे एकदम जात असतील तर भिंतीवरच्या कॅमेऱ्याला हात लावू नका, बिघाड राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. नेहमी एकच जात असेल तर त्याची वीज आणि त्याचा सिग्नल या दोनच गोष्टी आधी पाहायच्या.

फोनपासून सुरुवात

याला खर्च नाही, शिडी लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असताना कॅमेरा उघडा, मग वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. दोन्हीकडे दिसत नसेल तर कॅमेरा आणि राउटर यांच्यातला दुवा तुटला आहे किंवा कॅमेऱ्याला वीज नाही. वाय-फायवर दिसतो पण डेटावर नाही, तर राउटरपासून बाहेर जाणारी वाट अडली आहे. डेटावर दिसतो आणि घरच्या वाय-फायवर मात्र नाही, असंही होतं. तेव्हा बहुधा फोन गेस्ट नेटवर्कवर असतो किंवा राउटरमध्ये उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याचा पर्याय चालू असतो.

सूचना येत नसतील तर अॅपची नोटिफिकेशनची परवानगी आणि बॅटरी वाचवण्याची सेटिंग बघा. अँड्रॉइड फोन बरेच दिवस न उघडलेल्या अॅपला झोपवतो. कॅमेऱ्याचं अॅप आपण सगळं ठीक असताना उघडतच नाही, त्यामुळे ते हमखास त्या यादीत जातं. अॅपला बॅटरीच्या बंधनातून वगळा, बॅकग्राउंड डेटा चालू ठेवा.

दिवा आणि आवाज

कॅमेऱ्यावरच्या दिव्याचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. तरी स्थिर दिवा म्हणजे जोडलेला, लुकलुकणारा म्हणजे प्रयत्न करतोय आणि विझलेला म्हणजे वीज नाही, असं ढोबळमानाने धरता येतं. दिवा सेटिंगमधून बंद केलेला नाही ना, तेवढं बघून घ्या.

कानही वापरा. फिरणारा कॅमेरा सुरू होताना एकदा पूर्ण डावी-उजवीकडे वळून स्वतःची जागा तपासतो. रात्री कुणी हात न लावता तो असा फिरत असेल, तर तो वाय-फायवरून तुटत नाहीये, तो बंद पडून पुन्हा सुरू होतोय. स्थिर कॅमेऱ्यात हीच खूण म्हणजे थोड्या थोड्या वेळाने येणारा बारीक ‘टक्’ आवाज. दिवस-रात्र बदलताना इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा) फिल्टर सरकल्याचा तो आवाज असतो. संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा यायला हवा. रात्रभर येत असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

अडॅप्टर आणि केबल: दोष वाय-फायवर, चूक विजेची

‘सिग्नल कमी आहे’ म्हणून जितके कॅमेरे हलवले जातात, त्यातल्या पुष्कळांची खरी तक्रार अर्धपोटी असण्याची असते. दिवसा कॅमेरा थोडाच करंट घेतो. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी एकदम वाढते. वर मोटर फिरली तर आणखी. तेवढा करंट लांब, पातळ केबलमधून येताना व्होल्टेज वाटेतच गळतं.

हिशोब करून बघा. स्वस्त यूएसबी केबलमध्ये २८ गेजची तार सर्रास असते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार पातळ). तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. ३ मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तार, म्हणजे जवळपास १.३ ओहम. अर्धा अँपिअर वाहिला तर ०.६४ व्होल्ट गळतात, ५ चे ४.३६ उरतात आणि कॅमेरा कसाबसा चालतो. रात्री १ अँपिअर ओढला की पावणेचारच्या आसपास येतो आणि बंद पडतो. बंद पडला की ओढ थांबते, व्होल्टेज चढतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा पडतो. हे चक्र सकाळपर्यंत. सकाळी तो ठणठणीत दिसतो आणि दुकानात नेला तर तिथेही चालतो, कारण दुकानात उजेड असतो!

तपासणी सोपी आहे. दिवसाउजेडी अॅपमधून नाइट मोड ‘नेहमी चालू’ करा. काही मिनिटांत कॅमेरा पडला तर वीजच. मग त्याच कॅमेऱ्याला आखूड केबल आणि दुसरा चांगला अडॅप्टर लावून हाच प्रयोग करा.

अडॅप्टर बदलताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला १२ चा अडॅप्टर लावला तर कॅमेरा गेलाच. गोल पिन असेल तर मधला भाग धन की ऋण, ही अडॅप्टरवरची खूण दोन्हीकडे जुळवा. टीव्हीच्या किंवा राउटरच्या यूएसबी पोर्टवर कॅमेरा चालवू नका. यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे, ती रात्री पुरत नाही.

मल्टिमीटर असेल तर मोजा, पण कॅमेरा जोडलेला असताना आणि नाइट मोड चालू असताना. जुन्या अडॅप्टरमधले कपॅसिटर सुकलेले असले तरी रिकामा अडॅप्टर छान ५ व्होल्ट दाखवतो, भार आला की कोसळतो. ५ व्होल्टचा कॅमेरा असेल तर त्याच्या टोकाशी पावणेपाचच्या खाली आकडा नको.

लांब केबलला पर्याय नसेल तर जाड तार घ्या. २० गेजच्या तारेने वरच्याच ३ मीटरमध्ये १ अँपिअरला फक्त ०.२ व्होल्ट जातात. १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला तेवढीच गळती कमी बोचते, म्हणून लांब ओढायचं असेल तर १२ व्होल्टचा कॅमेरा बरा पडतो.

बाहेरच्या कॅमेऱ्याला एक जास्तीची तपासणी: कॅमेऱ्यातून निघणाऱ्या शेपटीसारख्या वायरवरचा जोड उघडून बघा. आत हिरवट पूड दिसली तर पाणी शिरलं आहे. केबल भोकात शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळातून ठिबकून जातं आणि जोडात उतरत नाही.

सिग्नल

आता वाय-फाय. अॅपच्या डिव्हाइस माहितीत सिग्नलचा आकडा असतो. टक्क्यांत असेल तर फारसा उपयोग नाही, डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं एकक) असेल तर उत्तम. उणे ५० ते ६० म्हणजे उत्कृष्ट, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे ७० नंतर अडखळायला लागतं आणि उणे ८० च्या पलीकडे जोडणी टिकणं अवघड. हे मोजमाप लॉगरिदमिक आहे: उणे ६० वरून उणे ७० म्हणजे सिग्नल दहावा हिस्सा. ‘दहाच तर आकडे कमी आहेत’ असं समजू नका.

फोन कॅमेऱ्याजवळ नेऊन ‘इथे तर फुल रेंज आहे’ म्हणणं फसवं आहे. फोनचा अँटेना बऱ्याचदा कॅमेऱ्यापेक्षा चांगला असतो आणि फोन कदाचित ५ गिगाहर्ट्झवर असेल (घरचं वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं).

सिग्नल कमी असेल तर आधी फुकटचे उपाय. राउटर कपाटातून, टीव्हीच्या मागून, फिश टँकजवळून हलवा. पाणी, आरसा, धातूचं शटर आणि सळयांची काँक्रीट भिंत हे चारही सिग्नल खातात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते. त्यामुळे भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात ती जागा असेल, तर कॅमेरा हातभर सरकवूनही आकडा लक्षणीय बदलतो. धातूच्या खांबावर कॅमेरा थेट ठोकलेला असेल तर थोडा पुढे काढा. राउटरला चिकटून यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर ती दूर ठेवा. तिच्या केबलचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. मायक्रोवेव्हही तिथेच काम करतो. जेवणाच्या वेळी चित्र अडकत असेल तर हे लक्षात घ्या.

या टप्प्यावर हॉटस्पॉटची चाचणी करा. एका फोनवर हॉटस्पॉट लावा, त्याला घरच्या वाय-फायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, पट्टा २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. (आयफोनमध्ये त्यासाठी कॉम्पॅटिबिलिटी वाढवण्याचा पर्याय चालू करावा लागतो.) फोन कॅमेऱ्याजवळ ठेवा, राउटर बंद करा. कॅमेरा काही न बदलता हॉटस्पॉटला जोडला जाईल. दुसऱ्या फोनवरून बघत रहा. इथे तो नाइट मोड चालू असतानाही तासन् तास न तुटता चालला तर कॅमेरा आणि वीज दोन्ही निर्दोष, दोष अंतरात किंवा राउटरमध्ये. इथेही तुटला तर राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून वेळ घालवू नका. डेटाची काळजी घ्या: सेकंदाला २ मेगाबिटचं चित्र तासाला ९०० मेगाबाइट खातं.

राउटरच्या आत

बहुतेक घरगुती कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल आणि कॅमेरा जोडताना किंवा मधूनमधून अडत असेल, तर २.४ ला वेगळं नाव द्या आणि कॅमेरे तिथे टाका.

वाय-फायचा चॅनल (पट्ट्यातला छोटा भाग) ‘ऑटो’वरून काढा. १, ६ किंवा ११ यातला आसपास कमी वापरातला निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. ऑटोमध्ये एक छुपा खोडाही आहे: काही राउटर रात्रीतून १२ किंवा १३ वर जातात, आणि काही कॅमेऱ्यांना हे चॅनल दिसतच नाहीत. मग एके सकाळी कॅमेरा गायब, राउटर बंद-चालू केला की हजर, आठवड्याने पुन्हा गायब. अशी तक्रार ऐकली की आधी चॅनल बघावा.

वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर जुने कॅमेरे जोडले जात नाहीत किंवा टिकत नाहीत. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र प्रकार ठेवा. सुरक्षाच काढून टाकणं हा उपाय नव्हे.

कॅमेऱ्याला राउटरमधून कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा उपकरणाचा क्रमांक) राखून द्या. कॅमेऱ्याच्या आत हाताने पत्ता भरलेला असेल आणि तोच राउटरने दुसऱ्या कुणाला दिला, तर दोघंही आळीपाळीने तुटतात. स्वस्त राउटर ठरावीक संख्येनंतर नव्या उपकरणाला जागा देत नाही किंवा आधीच्याला ढकलतो, तेव्हा जोडलेल्यांची यादी मोजून बघा आणि न वापरातली उपकरणं काढा. रोज पहाटे राउटर स्वतः रीस्टार्ट होण्याचं वेळापत्रक लावलेलं नाही ना, तेही इथेच दिसेल.

मेश (घरभर ठेवलेल्या अनेक वाय-फाय केंद्रांचं जाळं) असेल तर कॅमेरा कधीकधी जवळचं केंद्र सोडून लांबच्याला धरून बसतो. मेशच्या अॅपमध्ये त्याला जवळच्या केंद्राशी बांधता आलं तर बांधा.

वीज गेल्यानंतरचा घोळ वेगळा. फायबरचा डबा आणि राउटर उठायला काही मिनिटं घेतात, कॅमेरा त्याआधीच तयार होतो. काही कॅमेरे थोडे प्रयत्न करून गप्प बसतात. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावला की हा प्रश्न संपतो, कारण राउटर मुळात बंदच पडत नाही.

कॅमेऱ्यातल्या घड्याळालाही बऱ्याचदा स्वतःची बॅटरी नसते. वीज आल्यावर तो इंटरनेटवरून वेळ विचारतो. राउटरमधल्या फिल्टरने किंवा पालक-नियंत्रणाने ती विचारणा अडवली, म्हणजे यूडीपी पोर्ट १२३ बंद असला, तर घड्याळ १९७० किंवा २००० वर अडकतं. मग सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं कॅमेऱ्याला वाटतं आणि तो क्लाउडशी बोलत नाही. चित्रावरची तारीख चुकीची दिसली की हे तपासा.

अपलोड

इंटरनेटचा जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो, कॅमेऱ्याला अपलोड लागतो. १०८० पिक्सेलच्या कॅमेऱ्याला एच.२६४ (व्हिडिओ आवळण्याची पद्धत) मध्ये साधारण १ ते २ मेगाबिट प्रति सेकंद धरा, जास्त बारीक चित्राला २ ते ४. चार कॅमेरे सतत क्लाउडवर जात असतील तर ८ मेगाबिट गेले, त्यात घरातल्या कुणाचा व्हिडिओ कॉल आला की चित्र अडणारच. जास्त आवळणारी एच.२६५ पद्धत निवडा, फ्रेम १५ वर आणा. सेकंदाला १५ चित्रांत माणूस ओळखू न येण्याचं काही कारण नाही.

मेमरी कार्ड

२ मेगाबिटने सलग रेकॉर्डिंग म्हणजे दिवसाला सुमारे २१ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटचं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं जातं, म्हणजे वर्षाला शंभरावर फेऱ्या. फोन-कॅमेऱ्यासाठीचं साधं कार्ड त्याला बनवलेलंच नसतं. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्या, आणि कॅमेरा किती क्षमतेपर्यंत घेतो ते आधी बघा.

मरायला टेकलेलं कार्ड रेकॉर्डिंग तर घालवतंच, कधी कधी सगळा कॅमेरा अडकवतं. म्हणून विचित्र रीस्टार्ट होत असतील तर कार्ड काढून एक दिवस चालवून बघा. नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. ६४ गिगाबाइट आणि वरची कार्डं एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतात, काही कॅमेरे फक्त फॅट३२ ओळखतात.

बॅटरीवाले कॅमेरे

बॅटरी महिनोन् महिने टिकायची ती आठवड्यात संपत असेल तर कॅमेरा वारंवार जागा होतोय. उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरसमोर वर्दळीचा रस्ता किंवा उन्हात तापलेलं काही असेल तर तसं होतं. नुसत्या चित्रातल्या बदलावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला तर भिंगापुढचं कोळ्याचं जाळंही पुरतं. जाळं इन्फ्रारेडमध्ये पांढरंफेक दिसतं आणि वाऱ्याने हललं की हालचाल नोंदली जाते. मऊ ब्रशने झाडा. उष्णतेचा सेन्सर आडव्या चालीला पटकन ओळखतो, थेट अंगावर येणाऱ्याला उशिरा. कॅमेऱ्याचा कोन त्या हिशोबाने ठेवा. कमकुवत सिग्नलही बॅटरी खातो, कारण तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. गोठणबिंदूखाली कॅमेरे लिथियम-आयन बॅटरी चार्ज होऊ देत नाहीत, तिथे सोलर पॅनेलला दोष देऊ नका.

फर्मवेअर, आणि मग रीसेट

इथवर सगळं ठीक निघालं तर फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. वीज भरवशाची असताना, कॅमेरा राउटरजवळ आणून. मध्येच वीज गेली तर कॅमेरा कायमचा मुका होऊ शकतो. त्यानंतरही तक्रार राहिली तरच रीसेट, आणि त्याआधी सेटिंग्जचे स्क्रीनशॉट घ्या, कार्डावरचं हवं ते रेकॉर्डिंग काढून ठेवा.

इथे थांबा

बॅटरी फुगलेली दिसली तर कॅमेरा चार्जरवरून काढा, दाबू नका, भोसकू नका आणि पुन्हा चार्ज करू नका. जळका वास, वितळलेला प्लग किंवा अडॅप्टरला हात लावता येणार नाही इतका ताप असेल तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाहेर नवा पॉइंट काढणं आणि भिंतीतली मेन लाइन ओढणं हेही त्याचंच काम. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर शिडीवरून एकट्याने स्क्रू खोलू नका. भिंगाच्या आत पाण्याचे थेंब दिसले तर कॅमेरा उघडून वाळवण्याने वॉटरप्रूफ रबर परत बसत नाही, कॅमेराच बदलायचा. हॉटस्पॉटवर, चांगल्या अडॅप्टरवर आणि कार्डाशिवायही जो कॅमेरा पडतो तो वॉरंटीत द्या, आणि वॉरंटी असेल तर तोवर उघडू नका.

अनोळखी लॉगिन दिसलं किंवा कॅमेरा आपोआप कुणी फिरवतंय असं वाटलं तर प्लग काढा. अॅपचा आणि राउटरचा पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, मगच कॅमेरा रीसेट करून नव्याने जोडा.

तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्या हातात तीन गोष्टी द्या: ऑफलाइन झाल्याच्या वेळा, डीबीएमचा आकडा आणि नाइट मोड चालू असताना मोजलेलं व्होल्टेज. काम झाल्यावर त्याने स्वतःच्या फोनवर कॅमेरा जोडला असेल तर शेअर केलेल्या खात्यांच्या यादीतून तो तुमच्यासमोरच काढायला लावा आणि वाय-फायचा पासवर्ड बदला.